तापलेली पोर घरी जाणार नाही

टेंभरशेतच्या आश्रमशाळेत दामिनीबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. हेडमास्तर अनिल सर नावाला वरचे. पण घंटा किती वाजता व्हावी, डाळीत पाणी किती पडावं आणि वसतिगृहातल्या दोनशे बारा मुलींनी कोणत्या बाजूला डोकं करून निजावं, हे सगळं अधीक्षिका म्हणून दामिनीबाई ठरवत. बाई मुरबाडकडच्या शेतकरी घरातल्या. वय बेचाळीस, आणि आवाज असा की मैदानापलीकडे सागाखाली केस विंचरत बसलेली मुलगी हातातला कंगवा तसाच धरून उभी राही. आपण चुकत असू, ही शंका त्यांच्या मनाला फारशी शिवलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या फारशा चुकतही नसत. म्हणूनच त्यांच्या हातून एकदा जी चूक झाली, ती चांगली ठसठशीत झाली.

गेल्या फेब्रुवारीची गोष्ट. वसतिगृहात फ्लूचा ताप शिरला. सोमवारी तीन मुली तापल्या, बुधवारी बारा, शुक्रवारी एकतीस. बाईंनी कंबर कसली. जिथं फोन लागला तिथं आई-बापांना बोलावून घेतलं. जिथं लागला नाही तिथं सुदाम शिपायाला जीप देऊन मुलगी घरपोच केली. प्रत्येकीच्या हातात गोळ्यांचं पाकीट आणि "आईजवळ लवकर बरं वाटेल" हा दिलासा. आठवड्याभरात आवारात एकही तापलेली मुलगी उरली नाही. तालुक्याच्या बैठकीत साहेबांनी बाईंना उभं करून शाबासकी दिली आणि ती त्यांनी मान खाली घालून, पण कान टवकारून ऐकली. आजारी पोरीला घरी धाडायचं ही रीत काही त्यांनी काढलेली नव्हती. वाडीवरच्या आयांनाही तेच हवं असे. एकतीस मुली बऱ्या होऊन परत आल्या. त्या घरी काय ठेवून आल्या, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते नऊ महिन्यांनी. शहापूरला एका शिबिरात आरोग्य केंद्राच्या संजीवनी सिस्टर फ्लूबद्दल सांगत होत्या. पोरासोरांचा ताप चार दिवसांत निघतो, पण तोच म्हाताऱ्याच्या छातीत बसला की जीव घेतो, असं म्हणून त्यांनी सहज दामिनीबाईंकडे पाहिलं आणि विचारलं, "गेल्या साली तुमच्या तापलेल्या मुली कुठं ठेवल्या होत्या?" बाईंनी मोठ्या तोऱ्यात सगळी कथा सांगितली. सिस्टरांनी फक्त चष्मा काढून पुसला. बाई बसने घरी आल्या त्या ती गप्प बसलेली सिस्टर डोक्यात घेऊनच.

तेव्हापासून त्या तापाच्या हात धुऊन मागे लागल्या. नळावर साबणाने हात चोळायचे ते सतराचा पाढा म्हणून होईपर्यंत. ज्यांना तो येत नव्हता त्यांचे हात सगळ्यात स्वच्छ होत, कारण त्या तीन-तीनदा अडखळून पहिल्यापासून सुरुवात करत. हॉलमध्ये निजताना एकीचं डोकं भिंतीकडे तर शेजारणीचे पाय भिंतीकडे. प्रत्येकीच्या पेल्यावर खिळ्याने कोरलेलं नाव. खोकला आला तर तोंड कोपरात. मुली बाईंच्या पाठीमागे त्यांची नक्कल करत, पण कोपरातच खोकत. वाचनालयाची कपाटं व्हरांड्यात आली आणि त्या खोलीत दहा खाटा पडल्या. कल्याणच्या एका डॉक्टरांच्या संस्थेला बाईंनी इतक्या वेळा फोन केले की शेवटी त्यांनी शाळेतल्या सगळ्यांसाठी फ्लूची लस द्यायचं कबूल केलं. पौषात म्हसा गावी भरते ती म्हशाची जत्रा उरकली की पुढच्या शनिवारी लस येणार होती.

लसीसाठी पालकांची सही लागणार. त्या कागदाला बाईंनी आपलं एक दुसरं पान जोडलं. त्यावर लिहिलं होतं: तापलेली मुलगी घरी जाणार नाही. पालकांनी तिला नेऊ नये. ताप उतरून दोन दिवस होईपर्यंत ती शाळेतच, वेगळ्या खोलीत राहील, कारण घरी गेल्यास घरातल्या वृद्ध माणसांच्या जिवाला धोका संभवतो.

अनिल सरांनी ते वाचून कपाळाला हात लावला. "बाई, पहिलं पान पुरे आहे. ह्या दुसऱ्या पानानं लोक बिथरतील. आणि एकानं जरी नाही म्हटलं, तर मला हा नियम बाकीच्यांवर लादता येणार नाही."

"लस घेतली तरी काही जणींना ताप येणारच, सर. सिस्टरांनीच सांगितलंय. जोर कमी असेल, पण येईल. मग त्या पोरी जाणार कुठं, हे आत्ताच ठरायला हवं."

सरांनी कागद बाईंच्या हातात परत दिला. बाईंपुढे त्यांचं बहुधा असंच होई.

डिसेंबरच्या अखेरीस बाईंनी सगळ्या मुलींना मैदानात बसवून कागद वाचून दाखवला. कुणाला काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. ते विचारायचं म्हणून विचारलं होतं. त्यांच्या सभेत सहसा कुणी काही विचारत नसे. पण बारावी सायन्सची दिपिका उभी राहिली. भातसा धरणाच्या पाण्यापलीकडच्या कातळवाडीची ही मुलगी. बारीक, शांत, जीवशास्त्रात पहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "हा नियम गेल्या वर्षी का नव्हता?"

दोनशे अकरा माना बाईंकडे वळल्या. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच घंटेआधी मुलींना जेवायला पिटाळलं.

दुपारी कोठीत चादरींच्या घड्या घालायला त्यांनी दिपिकाला बोलावून घेतलं. चादरीचं एक टोक बाईंच्या हातात, दुसरं तिच्या. पाचव्या घडीला बाईंनी विचारलं, "तू गेल्या साली शुक्रवारी घरी गेली होतीस ना?"

"हो. सुदामकाकांनी जीपनं सोडलं." चादरीचं टोक बाईंच्या हातात देताना तिने वर पाहिलं नाही. "मला खूप थंडी वाजत होती. लहानीआजीनं, बाबांच्या आईनं, मला कुशीत घेतलं. तीन दिवस तिच्याच घोंगडीत होते मी. मंगळवारी तिला ताप आला. पुढच्या रविवारी ती गेली."

बाईंनी घडी गठ्ठ्यावर ठेवली.

"बाबा म्हणतात, म्हातारपणानं गेली. सगळ्यांना तेच सांगतात. मीपण तेच म्हणते. पण अकरावीच्या पुस्तकात विषाणूंचा धडा आहे, मॅडम. मी तो परत वाचला."

"अगं, पण तू..."

"बाबांना कळलं तर ते मला एका शब्दानं बोलणार नाहीत. तेच मला नको आहे. त्यांना सांगू नका. शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. त्यांना खरं तर काही वेगळंच सांगायचं होतं. 'ताप तू नाही आणलास, मी पाठवला' इतकंच ते वाक्य होतं, पण त्याऐवजी त्यांनी पुढची चादर ओढली. ज्या बाईला जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हणायचा सराव नाही, तिला ते अशा अवघड वेळी कसं जमावं? सतरा वर्षांची पोर वर्षभर आपल्या चुकीचा भार वाहतेय आणि आपण तिच्यासमोर चादरीच्या घड्या घालतोय, हे उमगलं तेव्हा बाईंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी घातलेल्या सगळ्या घड्या मोडून पुन्हा घातल्या.

*

दोनशे बारा पालकांच्या सह्या मिळवायला वाड्यावाड्यांवर फिरत बसलं तर चैत्र उजाडला असता. पण म्हशाच्या जत्रेला कोण येत नाही? बैल बघायला येतात, घोंगड्या घ्यायला येतात, लेकीच्या सासरची माणसं भेटतील म्हणून येतात. शाळेलाही जत्रेची सुट्टी. बाईंनी घोंगडीवाल्यांच्या रांगेला लागून शाळेचं टेबल मांडलं, सुदामच्या हातात शाईचं पॅड दिलं आणि त्या खुर्चीवर अशा बसल्या की जत्रेच्या देवाला आधी हात जोडावे की बाईंना, असा येणाऱ्याला प्रश्न पडावा.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फक्त चौदा उरले, आणि ते चौदाही कातळवाडीचे. त्यांतले तेरा आले होते. टेबलाभोवती उभे होते. पण सही करायला पुढे कुणी होईना.

"भगीरथ येऊ दे," त्यांतला एक म्हातारा म्हणाला. "तो करील ती आमची."

कातळवाडीची ही रीतच. लग्न असो, पाण्याची पाळी असो, वाडी एका तोंडाने बोलते, आणि हल्ली ते तोंड भगीरथचं होतं. भगीरथ म्हणजे दिपिकाचा बाप.

तो आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चाळिशीचा, काटक माणूस, गळ्यात टॉवेल, हातात नवी घोंगडी. भातशेती करून उरलेल्या दिवसांत तो भातसानगरला धरणाच्या कामावर जाई. सातवीपर्यंत शिकलेला होता, म्हणून कागद त्याने कुणाकडून वाचून घेतला नाही. ओळीखाली बोट धरून पहिलं पान वाचलं आणि लगेच सही केली.

"सुईला कोन भितो?" तो म्हणाला. "करोनाच्या येळी आमच्या वाडीनं पयल्या फेरीतच घेतली."

बाईंचा चेहरा खुलला. अनिल सरांना कसं ऐकवायचं याची वाक्यंही त्यांनी मनात जुळवायला घेतली. तोवर भगीरथचं बोट दुसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग पान टेबलावर ठेवलं आणि वर पेन ठेवलं.

"ह्याच्यावर नाय."

"का?"

"पोर तिकडं तापानं फणफणली, आन आईनं इकडं बसून भाकरी खायाची? असा कागद आमी नाय करनार."

मागच्या तेरा माना हलल्या. बाईंनी समजावलं. वेगळी खोली आहे, खाटा आहेत, रोज सिस्टर येणार, गरम पेज मिळणार. त्यांनी नेहमीचा आवाज लावला, मग खालचा लावला, मग अगदी शेजारणीशी बोलावं तसा लावला. भगीरथ सगळं नीट ऐकत होता आणि प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे 'नाय' म्हणत होता. तो चिडलेला नव्हता. चिडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. चिडलेल्या माणसांना त्यांनी पुष्कळ सरळ केलं होतं.

सुदाम कानाशी पुटपुटला, "सोडा ना बाई. दोनशेला दोन कमी झाल्या की."

पण त्या चौदांनी सही केली नाही तर नियम संपला, हे बाईंना ठाऊक होतं. आणि नियम संपला, तर फेब्रुवारीत पुन्हा तीच जीप आणि त्याच वाड्या. त्या उठल्या. "भगीरथदादा, जरा इकडं या," म्हणाल्या आणि बैलबाजाराच्या कडेला, जिथं माणसं कमी आणि बैल जास्त होते, तिथं जाऊन उभ्या राहिल्या. भगीरथ मागोमाग आला.

बाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "माझी आजी सांगायची, गावात पटकी आली की आजाराची टोपली भरायचे. हळदकुंकू वाहून ती शिवेपलीकडे नेऊन ठेवायचे. आपलं गाव मोकळं. पुढच्या गावानं उचलून त्याच्या पुढच्या शिवेवर ठेवायची. आम्ही चार बुकं शिकलेले, आम्ही हसायचो त्याला."

"आमच्यातपन व्हती ती रीत," भगीरथ म्हणाला.

"गेल्या साली मी तेच केलं. टोपली डोक्यावरून नेली नाही, जीपनं पाठवली, एवढाच काय तो फरक. एकतीस घरांत पाठवली. माझं आवार मोकळं झालं आणि मला शाबासकी मिळाली. तुमच्या घरीही पाठवली. तुमच्या आई त्या तापानं गेल्या असतील, तर त्या माझ्यामुळं गेल्या. दिपिकानं काही केलं नाही. मी जीपमध्ये बसवलं, म्हणून ती आली. चुकलं माझं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. एक दलाल जवळून घुंगरं वाजवणारा बैल घेऊन गेला. मग भगीरथने पहिलं काम केलं ते आजूबाजूला बघण्याचं.

"हळू बोला, मॅडम. ती हितंच कुठंतरी हाय."

"म्हणजे?"

"मला ठाव हाय. दवाखान्याच्या आशाताईनं तवाच सांगितला व्हता, म्हातारीला पोरीचा ताप लागला म्हनून. आईलापन ठाव व्हता." त्याने घोंगडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तुमच्यावर राग व्हता माझा. खोटा कशाला बोलू? आता तुमी सोताहून बोललात, तर नाय ऱ्हायला तेवढा."

"मग सही का करत नाही? तुम्हाला तर सगळं कळतंय."

"मला कळतंय, म्हनूनच. तुमी शेवटच्या वळीत काय लिवलाय? पोर घरी गेली तं म्हातारी मानसा मरतात. हा कागद माझ्या पोरीच्या हातात येनार. मी सही केली तं ती इचारनार, बाबा, तू ह्याला कसा काय तयार झाला? मी काय सांगू? ती सायन्सला हाय, तिला कळायला किती येळ? वरीसभर जपलाय मी तिला ह्याच्यापासून. सगळ्या वाडीला सांगून ठेवलाय, म्हातारी वयानं गेली म्हनायचा."

दामिनीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. बाप लेकीपासून लपवतोय, लेक बापापासून लपवतेय, आणि दोघं लपवतायत ते एकच. एका घरात, एका चुलीपाशी बसून दोघं एकमेकांना सांभाळत होती आणि दोघंही आतून झिजत होती. बाईंनी पोरीला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांबद्दल त्यांची मतं फार कडक होती. ती मतं त्यांनी त्या दिवशी बैलबाजारात सोडून दिली.

"भगीरथदादा, मी तुमच्या मुलीला एक शब्द दिलाय. तो आता मोडते. तिला ठाऊक आहे. गेल्या वर्षापासून. तुम्हाला कळू नये म्हणून ती गप्प आहे."

भगीरथ तिथंच एका दगडावर बसला. घोंगडी त्याने मांडीवर घेतली.

बाईंनी हाक मारल्यावर सुदामने जत्रेतल्या पाळण्यांपाशी जाऊन दिपिकाला आणलं. हातात बोरांचा पुडा, मैत्रिणींबरोबर हसत होती तसंच थोडं हसू तोंडावर. बापाला दगडावर आणि बाईंना रडलेलं पाहून ते विरलं.

"मॅडम, तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"सांगितलं. रागावायचं असेल तर पोटभर रागाव. पण आधी बाबांचं ऐकून घे."

बाई चार पावलं बाजूला झाल्या. त्याहून लांब जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाबा, मीच आनला," दिपिका म्हणाली. "आजीला मीच..."

"गप. ऐक आधी." भगीरथने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "आशाताई आली व्हती, तू आली त्याच दिशी. म्हनाली, पोरीला येगळी निजवा, म्हातारीला लांब ठेवा. आईनं सगळा ऐकून घेतला. ती गेल्यावर मला म्हनाली, माझी नात थंडीनं कुडकुडते आन मी लांब निजू? मी भांडलो तिच्यासंगं. तुला झोपेत कळला नाय. ती म्हनाली, भगीरथा, करोनात मला वरीसभर कोन शिवला नाय. आता मला नको सांगू लांब ऱ्हायाला."

दिपिका त्याच्याकडे बघत होती.

"तिनं जानून घेतला तुला कुशीत. तू फसवला नाय तिला. आन जाताना मला म्हनाली, पोरीला ह्यातला काय सांगू नको, ती बुका वाचते, तिला वाटंल तिनंच आनला. म्हनून मी नाय बोललो. चुकला का माझा?"

दिपिकाने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती रडली. मोठ्याने, लहान मुलीसारखी, लोक वळून बघत होते तरी. भगीरथने नवी घोंगडी उलगडून तिच्या पाठीवर टाकली. उतरत्या उन्हात घोंगडीची काही गरज नव्हती. दामिनीबाईंनी तेवढ्या वेळात बघणाऱ्या दोन-तीन जणांना एकेका नजरेत वाटेला लावलं. तो आवाज आणि ती नजर त्यांना परत सापडली होती.

डोळे पुसून पहिली बोलली ती दिपिकाच. "बाबा, सही कर. मला परत कुनाच्या घरी ताप न्यायाचा नाय."

"करतो. पन एक वळ आनखी पायजे." भगीरथ उठून बाईंसमोर आला. "पोर घरी येनार नाय, कबूल. पन आईबाप येतील. आत नाय. खिडकीबाहेर बसतील. पोरीला दिसला पायजे का आपलं मानूस हाय. तेवढा लिवा."

एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये, याची दामिनीबाईंना लाज वाटली, आणि त्यांनी ती तिथल्या तिथं बोलून दाखवली. एका दिवसात दोनदा. मग टेबलाशी बसून चौदा कागदांवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात ओळ घातली: पालक कधीही येऊन खिडकीबाहेर बसू शकतील. भगीरथने सही केली. त्याच्यामागे कातळवाडीचे तेरा अंगठे आणि सह्या पाठोपाठ झाल्या. उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णव कागदांवर ती ओळ लिहायला बाईंना आणि सुदामला पुढचे दोन दिवस लागले.

शनिवारी लस आली. सगळ्यात आधी बाईंनी बाही वर केली, दुसऱ्या नंबरला अनिल सरांना उभं केलं, आणि सरांनी डोळे मिटून घेतलेले मुलींनी पाहिले, ते त्यांनी पुढे महिनाभर पुरवलं. सिस्टर म्हणाल्या, लस अंगात भिनायला दोन आठवडे लागतात, तोवर सतराचा पाढा सोडू नका. कुणी सोडला नाही.

*

ताप फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आला. गेल्या सालच्यासारखा धडधडत नाही. चोरपावलांनी, इथं एक, तिथं एक. दोन आठवड्यांत सगळ्या मिळून नऊ मुली. त्यातली पाचवी दिपिका.

तिने कुणाला विचारलं नाही. सकाळी अंग कढत लागल्याबरोबर तोंडाला रुमाल बांधला, आपली चादर, पेला आणि जीवशास्त्राचं पुस्तक उचललं आणि वाचनालयाच्या खोलीत जाऊन खाटेवर पडली. तिथून घरी फोन केला. "बाबा, मला ताप हाय. मी येत नाय."

"बरा," भगीरथ म्हणाला. "मी येतो."

दुपारच्या एसटीने तो आला. खिडकीबाहेर सुदामने बाकडं टाकून ठेवलं होतं, त्यावर बसला. गजांवर हात ठेवायला गेला तशी आतून दिपिका म्हणाली, "मागं सर."

"सुई घेतलीस ना तू?"

"तरीपन ताप हाय ना? सर मागं. आनखी."

तो बाकडं ओढत सागाच्या सावलीपर्यंत मागे गेला. तिथून दोघांना एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागे आणि सगळ्या शाळेला ऐकू जाई, पण त्याला इलाज नव्हता. तो रोज यायचा, संध्याकाळच्या एसटीपर्यंत बसायचा, आणलेला डबा सुदामच्या हाती आत द्यायचा. दिपिकाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. अंगात कणकण तेवढी राहिली. पण जेवण जात नव्हतं. डबा जसाच्या तसा बाहेर येई. सिस्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ होती, घसा बरा होता. "पोटाचं दुखणं नाही हे," त्या दामिनीबाईंना म्हणाल्या. बाईंनाही ते दिसत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाई व्हरांड्यात पेल्यांवरची नावं तपासत होत्या. खोलीतून दिपिकाचा आवाज आला.

"बाबा, तू रोज हितून वाडीत जातोस. वाडीत कोन आजारी हाय?"

"कोनी नाय."

"खरा सांग."

भगीरथ बाकड्यावरून उठला आणि उभा राहून बोलला. "खराच सांगतो. तुझ्यापासून आता मी काय लपवनार नाय."

"धाकलूबाबा?"

"बैल घेऊन गेला सकाळीच."

"रंगूआजी?"

"सुनेसंगं भांडते. काल तिचा आवाज पार पान्याच्या पलीकडं गेला."

"गुणाबाई?"

"मोहाखाली बसते दिवसभर. खोकत नाय. मी इचारला."

"हनुमानदादाची आई?"

"ती कालच म्हशाच्या नातलगांकडं गेली. चालत गेली."

ती एकेक घर घेत गेली. वाडीत साठीच्या वरची अकरा माणसं होती. तिने अकराही नावं विचारली आणि भगीरथने अकराही जणांचं काय चाललंय ते सांगितलं. दामिनीबाई पेला हातात धरून तशाच उभ्या होत्या. शेवटचं नाव झालं.

मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. दिपिकाने ती सगळी खाल्ली आणि म्हणाली, "बाबा, उद्या जास्त आन."